बापूंचा अर्धा रोट

मारुतीला शेंदूर फासण्याआधी लोटनबापू दरवर्षी एक वाक्य म्हणत, आणि ते मारुतीला नव्हे, मागे उभ्या असलेल्या गावाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. “मी ब्रह्मचारी नही. मी बिनलगीनना शे. आते सांगा, फासू का?” गाव हसायचं. पुजारी म्हणायचा, काय हा विनय. मग बापू खांदे उडवून तेलात कालवलेल्या शेंदरात बोटं बुडवत आणि मारुतीच्या छातीपासून सुरुवात करत. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशीचा हा मान आमच्याकडे ब्रह्मचाऱ्याचा, आणि गावातला ब्रह्मचारी म्हणजे बापू, हे गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. खोटं बोलून मोठी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. खरं बोलून बोलून साधू झालेला माणूस मात्र हा एकच पाहिला.

मी धानोऱ्याची. लग्न होऊन तापीकाठच्या या गावात आले तेव्हा आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत होता, आणि सातवी पास झालेली सून म्हणजे बायकांनी मुद्दाम येऊन बघून जावं अशी वस्तू होती. बापू माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे सख्खे धाकटे भाऊ. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत आणि सासूबाईंना जिजी. आबा घरात राहत, बापू मळ्यात. मळ्यात विहीर, ऊस, थोडी केळी आणि कौलारू घर. त्या घरात बापूंबरोबर मगन राहायचा.

मगन शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीचा, गुजराच्या घरातला. एका हंगामात बापूंच्या गुऱ्हाळावर गूळ करायला आला. हंगाम संपला, कढई घासून पालथी घातली, बाकीची माणसं आपापल्या गावी गेली आणि मगन राहिला. मी आले तेव्हा त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. त्याला गडी म्हणावं, तर तो बापूंना रागवायचा. भागीदार म्हणावं, तर जमीन एकट्या बापूंच्या नावावर. पाहुणा म्हणावं, तर चूल त्याच्याच हातात. गावाने यावर फार सोपा उपाय काढला होता. त्याला काही म्हणायचंच नाही. ‘मळ्यातला’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं, आणि पुढचं विचारायची पाळी यायची नाही.

बापू बुटके, रुंद, कानावर केस असलेले. बोलणं सावकाश. त्यांची एक खोड होती. हातात येईल ते आधी अर्धं करायचं. पेरू असो, विडी असो, बाजारातून आणलेलं शेव-भजं असो, दोन वाटे झाल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. शहाद्याच्या बाजारात टोपी घेतली तरी दोन घेत. दुकानदाराने दुसरी कोणाला म्हणून विचारलं, तर म्हणत, “आम्ही दोन शेतस.” गावाचं म्हणणं, बापूंचा दानधर्म मोठा.

लग्नाला वर्ष होत आलं असेल. जिजींनी मला उसाचा रस आणायला मळ्यात पाठवलं. बापू बाजेवर बसले होते, त्यांचा पाय मगनच्या मांडीवर, आणि मगन सुईने टाचेतला काटा काढत होता. काढताना तोंडाचा पट्टा चालू. “जोडा शा माटे लाव्या? पूजा करवा?” असं काहीसं, त्याच्या गुजरातीत, म्हणजे जोडे आणले ते काय पुजायला. सबंध खानदेशात बापूंना असं बोलायची कोणाची छाती नव्हती. बापूंनी माझ्याकडे पाहिलं आणि गरीब चेहऱ्याने म्हणाले, “पाय मन्हा, काटा मन्हा, आनि आरडाओरड त्यानी.” मला हसू आवरेना. माझा नवरा मला रागवायचा, नाही असं नाही, पण रागावता रागावता माझा काटा काढायला तो कधी खाली बसला नव्हता. रसाची घागर घेऊन परत येताना मला कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. घरी मी काही बोलले नाही. एका वर्षात मीही त्या गावाची झाले होते.

आता रोटाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी करायची, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर बोळवण. तिच्या रोटासाठी जे गहू दळायचे, ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ असे घ्यायचे. घरातला थोरला नावं घेतो, थोरली मूठ टाकते. आमच्या घरात ज्याच्या नावाची मूठ, त्याच्या नावाचा रोट. टाकलेली मूठ परत काढायची नाही. रोट उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. तो भाऊबंदांनी आणि त्यांच्या बायकांनीच खायचा, लेक सासरी गेली की तिलाही नाही, आणि उरलाच तर घरच्या गाईला. थोडक्यात, कोण घरचा आणि कोण परका याचा निकाल आमच्याकडे कोर्टात लागत नसे, सुपात लागे.

आबा पाटावर बसून नावं घेत. आधी स्वतःचं, “दगडू.” मग धाकट्या भावाचं, “लोटन.” मग माझ्या नवऱ्याचं, मग पुढची. मी पहिल्या वर्षी पाहिलं ते असं. “लोटन” झालं, जिजींनी मूठ टाकली, आणि दाराशी बसलेले बापू म्हणाले, “मन्हामांगे अजून एक नाव शे.” आबांनी ऐकलंच नाही. कानात दडे बसल्यासारखं त्यांनी पुढचं नाव घेतलं. नंतर कळलं, हे दरवर्षीचं होतं.

मग जेवायला बापू पाटावर बसत. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, रोट. बापू आपला रोट मधोमध मोडत, अर्धा खात, अर्धा ताटात ठेवून उठत. उठताना म्हणत, “हाई मगननं.” तो अर्धा गाईला जाई. बाहेर गावात मात्र वेगळीच वार्ता. बापू कानबाईच्या दिवशीसुद्धा अर्ध्या रोटावर उठतात. ब्रह्मचाऱ्याचा आहार असाच हवा. आपल्या पोरांना जास्त खाताना पाहून आया बापूंचं नाव घेत.

एका वर्षी आबांनी ऐकलं. बहुधा त्या दिवशी अंगात कणकण होती. म्हणाले, रोट रक्ताचा असतो. बापूंनी बोट माझ्याकडे केलं. “हाई सून धानोरानी. हिनं रक्त कोठलं शे? तरी ती रोट खास. मगनले पुरुषसमा धरा, नहीते बायासमा बसाडा. तुम्हले जे जमी ते करा, पन घरमा धरा.” पदराआड मला हसू फुटलं आणि जिजींनी मला करकचून चिमटा काढला. पण मी पाहिलं, जिजींचाही पदर तोंडाशी गेला होता.

आबा चिडले नाहीत. आबा कधी चिडत नसत, हाच त्यांचा त्रास होता. ते समजूतदारपणे म्हणाले, “तू ऱ्हास ना त्यानासंगे? तुले कोनी काही म्हनस का? मंग मूठ कसाले पायजे?”

“कोनी काही म्हनत नही, तेच त दुखस,” बापू म्हणाले. “उद्या मी मरी गऊ, ते याले ‘हाऊ आम्हना’ म्हनाले एक तरी तोंड पायजे, दादा.”

आबांनी पुढचं नाव घेतलं.

मला वाटतं, त्या दिवसापासून बापूंनी मागणं सोडून अडवणं धरलं. पुढच्या चैत्रात शेंदराची वाटी हातात घेतली आणि नेहमीचं वाक्य न म्हणता ती मारुतीपुढे खाली ठेवली. म्हणाले, आधी मूठ, मग शेंदूर. गाव गोंधळलं. रोट तुमच्या घरातला, मारुती आमच्या सगळ्यांचा, याचा त्याचा संबंध काय? संबंध सगळ्यांना ठाऊक होता, पण तो कोणी तोंडाने सांगायचा नाही हा गावाचा जुना करार होता. तो माझ्या धाकट्या दिरांनी, सुरेशभाऊजींनी, मोडला.

सुरेशभाऊजी धुळ्याला कॉलेजात होते. सुट्टीत विजार घालून येत आणि शुद्ध बोलत. ते मारुतीच्या ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी गावाला समजावलं की बापू आणि मगन यांचे संबंध अनैसर्गिक आहेत, ते समाजाच्या प्रगतीला बाधक आहेत, आणि कायद्याने तो गुन्हा असून शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. म्हातारी माणसं सुरेशभाऊजींवर भयंकर संतापली. ते खोटं बोलले असं कोणीच म्हणालं नाही. एवढ्या माणसांत बोलले, याचा राग.

बापू उठले. लाज वाटल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. “पोऱ्या खरं बोली ऱ्हायना,” ते म्हणाले, आणि मग भाच्यापुतण्याला शाळेतलं विचारावं तसं विचारलं, “जनमठेपमा दोन्हीसले एकच कोठडीमा ठेवतस का रे?”

भाऊजी खाली बसले.

संध्याकाळी गावातली चार वडीलधारी माणसं मळ्यात गेली. त्यांचं बोलणं माझ्या नवऱ्याने येऊन सांगितलं. ते फार प्रेमाने बोलले म्हणे. बापू, आजवर राहिलात तसे राहा. शेंदूर तुमचाच. मान तुमचाच. फक्त मागू नका. मागितलं की आम्हाला कळल्यासारखं होतं. बापूंनी चहा पाजला आणि सांगितलं की मी मान मागतच नाही, तो परत न्या. मी मूठ मागतो आहे, ती द्या. मंडळी चहा पिऊन परत आली.

त्याच रात्री शेंदरासाठी दुसरा ब्रह्मचारी शोधायला गाव निघालं. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. बिनलग्नाचे चार-दोन जण होते, पण ओट्यावर एकेकाचं नाव निघालं की कोणीतरी खोकायचं. शेवटी कोणीतरी म्हणालं, सुरेश आहे की, शिकलेला आहे. पुजाऱ्याने सरळ मनाने त्यांना विचारलं, तुमचं काही नाही ना? सुरेशभाऊजी सकाळच्या मोटारीने धुळ्याला गेले. सुट्टी अजून पुष्कळ उरली होती. शेंदूर अखेर पुजाऱ्यानेच फासला. त्याच्या घरात तेव्हा पाळणा हलत होता. मारुतीने काही तक्रार केली नाही.

गावाला आता राग आला होता, आणि बापूंवर तो काढता येत नव्हता, म्हणून मगनवर निघाला. न्हाव्याला सांगण्यात आलं, मळ्यातल्याची दाढी करायची नाही. दाढी वाढली की माणूस आपोआप लाजून आपल्या गावी जाईल, असा हिशेब. पण मगनला गाव उरलंच नव्हतं. ब्राह्मणपुरीत त्याचं नाव घेणं त्याच्या भावांनी कधीच बंद केलं होतं. आणि बापूंनी काय करावं? त्यांनीही न्हाव्यापुढे बसायचं सोडलं. “अर्धी बंदी मन्ही,” म्हणाले.

पुढच्या वर्षीचा पावसाळा येईतो दोघांच्या दाढ्या छातीला टेकल्या. आणि मग जे झालं, ते फक्त आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. बापूंनी संन्यास घेतला अशी बातमी पसरली. धानोऱ्याहून माझ्या माहेरची माणसं बैलगाडी जुंपून दर्शनाला आली, त्यात माझी सख्खी मामी. बापू प्रत्येकाला सांगत, अहो मी ब्रह्मचारी नाही, हा माझा जोडीदार, आम्ही इथे राहतो. लोक दोघांच्या पाया पडत. मामी मला म्हणाली, “कितला मोठा साधू, सोताले काहीच समजत नही.” मी तिला सांगायचा प्रयत्न केला. ती माझ्यावरच रागावली.

एवढा मोठा साधू आणि त्याच्याच गावाने त्याला वाळीत टाकलं, हे शेजारच्या गावांत बरं दिसेना. न्हाव्याला गुपचूप मळ्यात पाठवण्यात आलं. बंदी उठली. मूठ मात्र पडली नाही. आणि बापूंनी पुन्हा शेंदराला हात लावला नाही.

कानबाईला ते येत राहिले. “मन्हामांगे अजून एक नाव शे,” म्हणत राहिले. अर्धा रोट गाईला जात राहिला.

पुढे काही वर्षांनी पौषात बापूंना ताप भरला तो उतरेना. जिजी आणि मी मळ्यात जात असू. मगन उशाशी बसलेला, त्याचा पट्टा आता बंद होता, आणि तेच मला सर्वांत वाईट वाटलं. आबा आले. बापूंनी पुन्हा तेच मागितलं. आबा म्हणाले, आधी बरा हो, मग बघू. बापू हसले. “बरा व्हयनू ते तू टाकनार नही. मरनू ते माले दिसनार नही. तुन्हं दोन्हीकडथून बरं शे, दादा.”

ते गेले. बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून तिथलं मला नवऱ्याच्या तोंडून कळलं, तेही त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. खांदा भाऊबंदांचा, म्हणून मगनला खांदा देऊ दिला नाही. अग्नी पुतण्याचा, म्हणून तो माझ्या नवऱ्याने दिला. मगन गड्यांच्या रांगेत मागे उभा होता. सगळे आंघोळ करून आमच्या घरी आले आणि मगन एकटा मळ्याकडे गेला. ‘हाऊ आम्हना’ असं म्हणणारं एकही तोंड त्या दिवशी तापीच्या वाळूत नव्हतं. मी त्या रात्री रडले ती बापूंसाठी थोडी आणि याच्यासाठी जास्त.

गावाने मात्र आपल्या परीने मोठेपणा दाखवला. मळ्यात बापूंचा ओटा बांधला, चुन्याने रंगवला, त्यावर ‘बालब्रह्मचारी’ असं लिहून घेतलं. मुलगा उनाड निघाला की आया त्याला तिथे आणून डोकं टेकायला लावत. झाडलोट करायला, दिवा लावायला माणूस हवा, म्हणून मळ्यात राहायची परवानगी मगनला देण्यात आली. घरचा माणूस म्हणून नव्हे. सेवेकरी म्हणून. दगडी ओट्याला रोज तो अंघोळ घालायचा, आणि लिहिलेल्या अक्षरांवर मुद्दाम जरा जास्त पाणी ओतायचा. वर्षभरात ‘बाल’ पुसट झालं होतं.

वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून त्या श्रावणात कानबाई बसली नाही. पुढच्या श्रावणात बसली. आबा पाटावर बसले, जिजी सूप घेऊन. मी जात्यापाशी. आबांनी डोळे मिटले आणि जन्मभर घेतली त्याच चालीवर नावं घ्यायला लागले. “दगडू.” मूठ पडली. “लोटन.”

मूठ पडली.

मग सगळ्यांना कळलं. आबांनी डोळे उघडले. मेलेल्या माणसाच्या नावाची मूठ कानबाईच्या सुपात, यापेक्षा वाईट अपशकुन आमच्या घरात कोणी ऐकलेला नव्हता. आबा म्हणाले, काढ ती. जिजींनी हात मागे घेतला. माझ्या सासूबाई एरवी फार सावकाश. मीठ मागितलं तर जेवण संपेपर्यंत येणार. त्या दिवशी तेवढी मूठ इतकी चटकन कशी पडली, हे मी त्यांना पुढे पुष्कळदा विचारलं. त्यांनी कधी सांगितलं नाही.

“कानबाईनी मूठ कोन काढस?” जिजी म्हणाल्या. “पडनी ती पडनी. आते तिले त्या घरना जित्ता मानूस पायजे.” आणि सुपाकडे बघत, “लोटननं घर रिकामं नही.”

मांजर येऊन सूप हुंगून गेलं. मग आबा म्हणाले, “मगन.” आणि लगेच माझ्या नवऱ्याचं नाव एवढ्या मोठ्याने घेतलं की तो ओसरीवरून धावत आला.

मूठ पडली म्हणजे रोट होणार, रोट झाला म्हणजे तो ज्याचा त्यानेच खायला हवा, आणि घरातच. बोलावणं पाठवणं भागच होतं. सुरेशभाऊजी तेव्हा नंदुरबारला मास्तर होते, सणाला आलेले. आबांनी त्यांनाच पाठवलं. भाऊजी गेले आणि मगनला घेऊन आले. रस्त्यात दोघांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण अंगणात शिरताना भाऊजींनी मगनचे पाय धुवायला स्वतः तांब्या दिला.

मगनने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि डोक्यावर टोपी होती. दोनपैकी कोणती, ते त्यालाच ठाऊक. बापूंच्या पाटावर त्याला बसवलं. मी वाढलं. त्याने रोट हातात घेतला, मधोमध मोडला, अर्धा सावकाश खाल्ला. अर्धा ताटात राहिला. खायला नको झालं असेल म्हणून मी पाणी पुढे केलं, तर त्याने मान हलवली. आयुष्यभर गुजराती बोललेला तो माणूस बापूंच्या बोलीत म्हणाला, “हाई बापूनं.”

त्या दिवशी आमच्या घरात मिताहाराचं नाव कोणी काढलं नाही.

मगन उठून हात धुवायला गेला. गाईसाठी म्हणून जिजींनी ताटाला हात घातला. आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” त्यांनी ते ताट आपल्याकडे ओढलं, मगनच्या हाताने मोडलेला तो अर्धा रोट उचलला आणि खाली मान घालून, एकेक घास करत, सगळा खाल्ला. थोरल्या भावाने धाकट्याच्या ताटातलं खायची आमच्यात रीत नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या ओट्यावर आबांनी गावाला सांगितलं की मगनचं नाव कानबाईने स्वतः त्यांच्या तोंडून घेतलं. गावाला ते लगेच पटलं. माझ्या सासऱ्यांच्या हातून जन्मात कधी चूक झाली नाही. तो अर्धा रोट कोणी खाल्ला, हे मात्र त्यांनी ओट्यावर कोणाला सांगितलं नाही.